घर विकायचं आहे: आधी कशावर खर्च करावा आणि कशावर करू नये?

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

आईबाबांचं घर विकायचं ठरलं आहे. दोन बेडरूम, सगळ्यात वरचा मजला, वर गच्ची. बांधकाम वीसेक वर्षांचं. घर भक्कम आहे, पण रया गेली आहे. हॉलच्या खिडकीखाली ओल येऊन रंगाचे पोपडे सुटलेत, बाथरूमच्या टाइल्समधले सांधे काळे पडलेत, ओट्याखालच्या कपाटांची दारं लोंबतात आणि हॉलमधलं एक बटण दोनदा दाबल्याशिवाय दिवा लागत नाही.

घरात तीन मतं आहेत. भाऊ म्हणतो स्वयंपाकघर आणि बाथरूम पूर्ण नवं करू, छताला पीओपी करू, किंमत चढेल. एजंट म्हणतो रंग मारा, बाकी कशाला हात लावू नका. वहिनीचं म्हणणं, आहे तसं विकू, घेणारा त्याला हवं ते करून घेईल. तिघांचंही थोडं थोडं पटतं, तिथेच अडलंय.

हाताशी वेळ आहे, पैसा मोजका आहे. कुठला खर्च वसूल होतो आणि कुठला नुसताच जातो, हे जाणकारांकडून ऐकायचंय. आणि एक मनापासून सांगते, जो कोणी हे घर घेईल त्याला पहिल्याच पावसात मनस्ताप होऊ नये असंही वाटतं. आईबाबांनी फार जपलेलं घर आहे.

ओळंबा

ताई, बरीच वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली आहेत, त्या हिशेबाने सांगतो. आधी पाणी, मग वीज, मग दिसणं. हा क्रम सोडू नका. पैसे पहिल्या दोघांतच संपले तरी चालेल.

कारण साधं आहे. ओलीचा डाग दिसला की घेणारा दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम मनातल्या मनात कापतो. आत किती मुरलंय हे त्याला कळायला मार्ग नसतो, मग तो वाईटात वाईट धरून चालतो. कपाटाचं लोंबतं दार पाहून कोणी एवढं घाबरत नाही.

तुमची ओल खिडकीखाली आहे, छताला नाही. म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला धावू नका, निदान आत्ता तरी. खिडकी सरकती असेल तर सगळ्यात आधी तिची खालची पट्टी पाहा. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक छिद्रं असतात, पट्टीत साचलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी. वर्षानुवर्षं धूळ बसून ती बुजतात. मग जोराच्या पावसात पट्टी भरते आणि पाणी आतल्या बाजूने भिंतीत उतरतं. जुना टूथब्रश आणि बारीक तार घेऊन ती मोकळी करा, मगभर पाणी पट्टीत ओता आणि बाहेर पडतंय का बघा.

त्यानंतर खिडकीखालचा दगड. त्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. त्याच्या बाहेर आलेल्या कडेखाली एक आडवी खाच असते, पाणी तिथे तुटून खाली पडावं म्हणून. रंगारी ती खाच हमखास रंगाने बुजवतात. मग पाणी दगडाला धरून मागे येतं आणि भिंतीत शिरतं. तिसरी जागा म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा. तिथलं सीलंट वाळून तडकतं.

तिन्हीपैकी कुठून येतंय हे शोधायचं तर बाहेरून खालून वर पाणी मारत या. आधी फक्त दगडावर, थांबा, आत बघा. मग चौकटीच्या खालच्या सांध्यावर, पुन्हा थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर झुकून हे करू नका, पाइपाने आतूनच हात लांब करून जमतं. नाहीतर दोरीवर काम करणारा माणूस बोलवा.

आणि कृपा करून आतल्या बाजूने ‘ओल थांबवणारा’ रंग लावून मोकळे होऊ नका. पाणी बाहेरून येतच राहतं, तो थर फुगतो आणि पोपडे पुन्हा सुटतात. तेही बहुतेक घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत.

रंगरेषा

ओळंबादादांना पूर्ण अनुमोदन. रंगाबद्दल भर घालते, घरचा व्यवसायच तो आहे.

ओल थांबली म्हणून लगेच रंग लावायचा नाही. भिंतीवर पांढरी पूड दिसत असेल तर तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. कोरड्या ब्रशने खरवडून काढायचे. ओल्या फडक्याने पुसलं तर ते विरघळून पुन्हा भिंतीत जातात. सुटलेला गिलावा पोकळ वाजतो तिथपर्यंत काढून नवा करावा लागतो, आणि सिमेंटचा नवा गिलावा साधारण २८ दिवस सुकू द्यावा. त्याआधी त्यात ओलही असते आणि त्याचा क्षारपणा रंगाला खातो. घाई करणारा रंगारी म्हणेल चालतं. चालत नाही.

भिंत सुकली का हे पाहायची एक युक्ती आहे. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर भिंतीत अजून पाणी आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर ते हवेतलं दमटपण आहे.

जुन्या भिंती थोड्या उंचसखल असतात. तिथे चकाकणारा रंग लावला की बाजूने उजेड पडताच प्रत्येक टेंगूळ दिसतं. मॅट रंग ते पोटात घेतो. छत पांढरं, भिंतींना एकच फिकट रंग सगळ्या घरभर, म्हणजे एका खोलीतून दुसरीत जाताना घर तुटक वाटत नाही. एका भिंतीला गडद रंग किंवा छापाचा कागद लावायचा मोह होतो, तो टाळा. तुमची आवड घेणाऱ्याला पुसून काढावी लागते.

दिवेही बघा. एका खोलीत पिवळसर, दुसरीत निळसर असं असेल तर नवा रंगही मळका दिसतो. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर. राहायच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विनचे, स्वयंपाकघरात हवे तर ४००० चे, पण एका खोलीत एकच. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो.

उंबरठा

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. नुकतंच घर घेतलं, त्याआधी बरीच घरं पाहिली.

नुकतंच चकाचक केलेलं बाथरूम दिसलं की मला आनंद व्हायच्या आधी शंका यायची, खाली काय झाकलंय? शिवाय त्या टाइल्स माझ्या आवडीच्या नसायच्या, पण त्यांचे पैसे किमतीत धरलेले असायचे. नव्या टाइल्स फोडायला मन धजत नाही आणि नको त्या टाइल्ससोबत राहायलाही नको वाटतं. जुनं पण स्वच्छ, कोरडं, चालू बाथरूम मला जास्त बरं वाटलं.

शेवटी जे घर घेतलं त्याचं बाथरूम जुनंच होतं. पण मालकीणबाईंनी एक फाइल पुढ्यात ठेवली. वॉटरप्रूफिंगचं बिल, मीटरजवळचा मुख्य बोर्ड बदलल्याचं बिल आणि काही फोटो. भिंतीत नळाचे पाइप टाकले तेव्हा, टाइल्स बसायच्या आधी काढलेले. भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले होते, कुठला पाइप जमिनीपासून किती उंचीवर गेलाय ते दिसत होतं. ते फोटो पाहिल्यावर मी किमतीवर फारशी घासाघीस केलीच नाही. आजही भिंतीत खिळा ठोकायचा असला की आधी ते फोटो काढून बघतो.

आणि एजंट सांगतात त्यापेक्षा घेणारा बारीक बघतो बरं का. मी प्रत्येक नळ सोडून बघायचो, फ्लश करायचो, प्रत्येक खिडकी उघडून लावायचो, सिंकखालच्या कपाटात डोकं घालून वास घ्यायचो. दोनदा दाबावं लागणारं बटण मला पहिल्या पाच मिनिटांत सापडलं असतं.

आकडेमोड

खर्च वसुलीबद्दल आकडे हवे असतील तर अमेरिकेत ‘कॉस्ट व्हर्सस व्हॅल्यू’ नावाचा अहवाल दरवर्षी येतो. २०२४ च्या अहवालात स्वयंपाकघराची मध्यम दर्जाची, छोटी डागडुजी खर्चाच्या सुमारे ९६ टक्के परत देते असं आलं होतं. तेच स्वयंपाकघर मुळापासून उंची सामान घालून केलं तर सुमारे ३८ टक्के. सगळ्यात वर होतं गॅरेजचं दार बदलणं, जवळजवळ १९४ टक्के. त्याखालोखाल घराचं मुख्य दार.

आकडे त्या देशाचे आहेत आणि परत मिळणाऱ्या किमतीचा भाग हा तिथल्या जाणकारांचा अंदाज असतो, प्रत्यक्ष विक्रीचा हिशेब नव्हे. त्यामुळे टक्के जसेच्या तसे उचलू नका. पण क्रम बघण्यासारखा आहे. आल्या आल्या दिसणाऱ्या स्वस्त गोष्टी वर, आणि मालकाच्या हौसेच्या महागड्या गोष्टी तळाला. तुमच्या भावाला हा क्रम दाखवा.

सुतारपक्षी

+१. मुख्य दाराचं अगदी खरं. घेणारा बेल वाजवून बाहेर उभा असतो तेव्हा त्याला दुसरं बघायला काही नसतं. दार घासून पॉलिश करा, कडी आणि लॅच नवं बसवा, बिजागऱ्यांत तेल घाला. दार अडकत असेल तर कुठे घासतंय ते बघून तेवढंच रंधून घ्या.

स्वयंपाकघराचं सांगतो. कपाटाचा सांगाडा आणि बाहेरची दारं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगाडा ठीक असेल तर नुसती दारं, बिजागऱ्या आणि मुठी बदलून स्वयंपाकघर नवं दिसतं, नव्या मॉड्यूलरच्या अगदी थोड्या खर्चात. सांगाडा ठीक आहे का हे सिंकखाली बघायचं. तळाच्या फळीवर अंगठा जोरात दाबा. दबली, भुसा निघाला किंवा थर सुटलेले दिसले तर ती फळी गेली. बहुतेक वेळा तेवढा एकच भाग गेलेला असतो, तो कापून बदलता येतो. पण आधी गळतीचं कारण काढा, नाहीतर नवी फळीही सहा महिन्यांत फुगेल.

लोंबणाऱ्या दारांचं तर बऱ्याचदा नुसत्या स्क्रूवर भागतं. कपाटाच्या बिजागरीला दोन-तीन स्क्रू असतात, एकाने दार डावी-उजवीकडे सरकतं, एकाने आत-बाहेर. स्क्रूड्रायव्हर घेऊन बसा, अर्ध्या दिवसात सगळी दारं एका रेषेत येतात. स्क्रूची भोकंच मोठी झाली असतील तर लाकडाची बारीक काडी गोंद लावून आत ठोका, सुकली की त्यात स्क्रू पिळा.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशिलात कोणी सांगत नाही.

उंबरठा, तुमची ती फाइल वाचून हुरूप आला. बाबांनी प्रत्येक बिल जपून ठेवलंय, ती पेटी आजच काढते.

एक शंका. भाऊ म्हणतो बाथरूमच्या जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवून घेऊ, फोडाफोड नको. तसं करतात ना? आणि दुसरं म्हणजे, दोन बेडरूममधली भिंत पाडून एक मोठी खोली करू असंही त्याच्या डोक्यात आहे.

ओळंबा

करतात, आणि पक्क्या बसलेल्या टाइल्सवर चांगला अ‍ॅडहेसिव्ह वापरला तर नव्या टाइल्स टिकतातही. पण जमिनीवर दोन गोष्टी बिघडतात. थर चढल्याने बाथरूमची जमीन वर येते आणि दाराशी असलेली पायरी बुजते, मग पाणी बाहेर खोलीत येतं. आणि खालचं वॉटरप्रूफिंग जुनंच राहतं. खालच्या घरात थेंब पडत असेल तर तो तसाच पडत राहणार.

आधी जमीन गळते का ते बघा. जाळीला कापडाचा बोळा घट्ट बसवून बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवा, २४ तास ठेवा. खालच्या घरातल्यांना विश्वासात घेऊन त्यांच्या छताकडे बघायला सांगा. तिथे डाग आला नाही तर जमिनीला हात लावू नका. तुमचा दोष फक्त काळे सांधे एवढाच असेल, तर जुनं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यात भरलेलं मिश्रण, खरवडून नवं भरा. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरायचं. तो सांधा हलता असतो, ग्राउट तिथे तडकतंच. सिलिकॉन लावल्यावर दिवसभर पाणी लागू देऊ नका. एवढ्यावर बाथरूम ओळखू येणार नाही.

भिंतीचं मात्र स्पष्ट सांगतो, अजिबात पाडू नका. पहिलं म्हणजे ती भार घेणारी आहे का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, गवंडी तर नाहीच. दुसरं, दोन बेडरूमचं घर एक बेडरूमचं झालं की घेणाऱ्यांची अख्खी रांगच बदलते. मुलं असलेली कुटुंबं जाहिरात वाचूनच पुढे जातील. खोली मोठी झाल्याचा आनंद फक्त उरलेल्यांना.

कागदपत्र

याला जोडून. केलेले बदल मंजूर नकाशाशी जुळतात का, हे घेणाऱ्याचा वकील आणि कर्ज देणारी बँक दोघंही बघतात. बाल्कनी खोलीत घेतली असेल, ओटा दुसऱ्या खोलीत हलवला असेल आणि परवानगी नसेल, तर व्यवहार ऐन शेवटी अडतो. तोवर घेणाऱ्याची पैशांची जुळवाजुळव झालेली असते आणि दोन्हीकडे मनस्ताप. विकण्याच्या तोंडावर नवं बांधकाम काढू नका, आणि आधीचं काही असेल तर त्याची कागदं आताच शोधा.

सडेतोड

एवढं सगळं कशाला? पाऊस संपला की रंग मारायचा, कोरड्या दिवसांत घर दाखवायचं, विकून मोकळं व्हायचं. घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो, पुढचं त्याचं त्याने बघावं. सगळे असंच करतात.

उंबरठा

सडेतोड, मी असं झाकलेलं एक घर घेता घेता राहिलो. ताज्या रंगाचा वास फक्त एका भिंतीला येत होता. बाकी घर जुनं आणि तेवढाच चौकोन नवा. पाहून गेल्यावर फोन केला नाही. मालकाला कारण कधीच कळलं नसेल, तो किंमत कमी करत बसला असेल.

कागदपत्र

आणि कायद्याचं बोलायचं तर बऱ्याच ठिकाणी माहीत असलेला पण वरवर न दिसणारा मोठा दोष घेणाऱ्याला सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक असतं. लपवला तर विकल्यानंतरही प्रकरण अंगावर येतं. नियम जागोजागी वेगळे, म्हणून आपल्या वकिलाला विचारावं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, त्या घरात कोणाचं तरी लहान मूल त्या ओल्या भिंतीशी झोपणार असतं. बुरशीच्या हवेने दमा असलेल्यांना त्रास वाढतो. दुरुस्त करा, आणि दुरुस्त करणं परवडत नसेल तर सांगून, तेवढी किंमत कमी करून विका. त्यात कमीपणा काही नाही.

रंगरेषा

अगदी. आणि झाकलेली ओल रंगाऱ्याच्या नावावर जाते, तेही सांगून ठेवते. चांगला रंगारी ओल्या भिंतीवर काम घेत नाही.

तारयंत्र

वायरिंगबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोनदा दाबावं लागणारं बटण आतून झिजलेलं असतं, त्यातून ठिणगी उडते आणि ते तापतं. ते तर बदलाच, पण एकदा वायरमनकडून सगळा बोर्ड उघडून घ्या. जळकट काळे डाग, सैल स्क्रू, एकाच सॉकेटमध्ये कोंबलेल्या वायरी, सगळं तिथे दिसतं. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवा. माणसाला शॉक लागताना प्रवाह गळला की तो क्षणात वीज तोडतो. त्याच्यावर चाचणीचं एक बटण असतं, घर दाखवताना ते दाबून दाखवा. प्रत्येक एमसीबीखाली, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्याखाली, कुठली खोली ते सुबक अक्षरात लिहून चिकटवा. खर्च जवळजवळ शून्य, आणि या घराकडे कोणीतरी लक्ष दिलंय हे न बोलता कळतं.

पीओपीचं छत करू नका. वरच्या मजल्यावर तर नाहीच. उंची कमी होते, खोली कोंदट वाटते, आणि उद्या गच्चीतून पाणी आलं तर ते खोट्या छताच्या वर साचत राहतं, तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जाणता माणूस खोटं छत पाहून विचारतो, वर काय आहे?

अंगणवेल

भावाला धागा वाचायला दिला. पीओपी आणि भिंत दोन्ही रद्द! बाथरूमवर अजून थोडा अडून आहे, पण आधी पाणी साठवून बघू म्हणाला.

घर आता बंदच असतं, आम्ही आठवड्या-दोन आठवड्यांनी जातो. रिकामं दाखवावं की थोडं सामान ठेवावं? आणि आत गेलं की एक कुबट वास येतो, तो कशाने जाईल?

सुतारपक्षी

थोडं सामान ठेवा. रिकाम्या खोलीत पलंग मावेल का हे लोकांना कळत नाही, खोली लहान वाटते. प्रत्येक खोलीत एखादी मोठी वस्तू पुरे. पण कपाटं अर्धी रिकामी करा, घेणारा ती उघडतोच. खच्चून भरलेलं कपाट दिसलं की घरात जागा कमी आहे असं वाटतं.

ओळंबा

वास बहुतेक ड्रेनेजचा असणार. बाथरूमच्या जाळीखाली, बेसिनखाली, सिंकखाली पाइपाला एक वाकण असतं आणि त्यात कायम थोडं पाणी उभं असतं. ते पाणी झाकणाचं काम करतं, गटाराची हवा वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की ते वाळतं आणि वास थेट घरात येतो. सुगंधी फवारा मारू नका, त्याने घेणाऱ्याला संशयच येतो. दर फेरीला प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता, कमोड फ्लश करा. जास्त दिवस जाणार नसाल तर वर चमचाभर खनिज तेल सोडा, थर धरून राहतं आणि पाणी उशिरा वाळतं. खाण्याचं तेल नको, खवट होतं.

पाणी ओतूनही वास राहिला तर कमोडच्या बुडाशी फरशीला मिळणारा सांधा बघा, तिथे हात फिरवून ओल लागते का ते. आणि जाल तेव्हा नळांच्या तोंडाच्या जाळ्या पिळून काढून धुवा. क्षार बसून धार बारीक होते आणि घेणाऱ्याला वाटतं घराला पाणीच कमी येतं. पाना नसेल तर जाळीभोवती कापड गुंडाळून हाताने फिरवा, चरे पडत नाहीत.